हिशेब फक्त आईनेच द्यायचा?

एका दुर्मीळ आजाराचं नाव या देशात खेड्यातल्या टपरीपर्यंत पोचलं आहे, आणि त्याचं श्रेय आरोग्य खात्याला नाही. ‘डाएट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कोल्ड्रिंकच्या बाटलीवर डोळे ताणून वाचावी लागेल अशा इंग्रजी अक्षरांत एक सूचना असते: फिनाइलकीटोन्युरियाच्या रुग्णांसाठी नाही. गोडव्यासाठी घातलेल्या अ‍ॅस्पार्टेममधून फिनाइलअ‍ॅलनिन नावाचं अमिनो आम्ल सुटतं आणि या रुग्णांच्या शरीराला ते पेलत नाही, म्हणून कायद्याने ही सूचना सक्तीची केली. म्हणजे असं मूल या देशात जन्माला येतं, हे सरकारला मान्य आहे. पण ते कुणाच्या घरी जन्मलं हे शोधायला कोणीही बांधील नाही. बाटलीवरची सूचना सक्तीची आणि बाळाची तपासणी मर्जीची, असा हा कारभार आहे. त्याबद्दल आपल्यापैकी कुणाची झोप उडाल्याचं ऐकिवात नाही.

आपण खातो त्या अन्नाचे शरीरात तुकडे होतात, एका द्रव्याचं दुसरं बनतं, आणि या प्रत्येक पायरीवर एकेक एन्झाइम राबत असतं. त्यातलं एखादं जन्मतःच नसलं किंवा लुळं असलं, की त्या पायरीवर कोंडी होते. फिनाइलकीटोन्युरियात फिनाइलअ‍ॅलनिन साठतं आणि मेंदूची वाढ खुंटते. मेपल सिरप युरिन डिसीजमध्ये ल्युसिन साठतं, आणि तीव्र प्रकारात बाळ पहिल्या पंधरवड्यातच बेशुद्धीत जाऊ शकतं. गॅलॅक्टोसिमियात आईचं दूधच बाळाला बाधतं. ग्लायकोजेन साठवणुकीच्या विकारात साखर यकृतात अडकून बसते आणि काही तास पोटात अन्न नसलं की रक्तातली साखर कोसळते. असे शेकडो विकार आहेत. एकेक दुर्मीळ, पण सगळ्यांची बेरीज दुर्मीळ म्हणून सोडून देता येईल इतकी लहान नाही. त्यातल्या कित्येकांवर मुख्य उपाय अन्नाचाच आहे: काही पदार्थ मोजून, काही वर्ज्य, आणि जोडीला त्या मुलासाठी बनवलेली औषधी पावडर. ही पथ्यं बहुतेकदा जन्मभराची. ताटात अडीच ग्रॅम प्रथिन जास्त गेलं तर त्याचा परिणाम रक्ताच्या अहवालात उमटतो.

मेपल सिरपच्या आजारात बाळाच्या लघवीला जळक्या साखरेसारखा गोडसर वास येतो. तो ज्या सोटोलोन नावाच्या रसायनामुळे येतो, तेच मेथीतही असतं. आपल्याकडे बाळंतीण मेथीचे लाडू खाते, खोलीभर तोच वास असतो. बाळाच्या लंगोटाला कसला तरी वास येतोय असं ती म्हणाली, तर घरातली मोठी माणसं म्हणणार, “मेथी खातेस ना, मग येणारच.” परदेशात याच्या उलट घडल्याच्याही नोंदी आहेत, मेथी खाल्लेल्या आईचं निरोगी बाळ या आजाराच्या संशयाने तपासलं गेलं. तेव्हा नाकावर भिस्त ठेवून भागत नाही. टाच टोचून कागदावर घेतलेला रक्ताचा थेंब लागतो.

तो थेंब घेण्याची युक्ती नवी नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती शोधली आणि मॅसेच्युसेट्स राज्याने लगोलग उचलली. आपल्याकडे गोव्याने २००८ साली नवजात बालकांच्या तपासणीचा कार्यक्रम सरकारी पातळीवर सुरू केला, म्हणजे एवढंसं राज्य ते करू शकतं हे सिद्ध झालं. तरीही जन्मलेल्या प्रत्येक बाळाची चयापचयाच्या विकारांसाठी तपासणी झालीच पाहिजे, असा नियम देशात आजही नाही. खासगी रुग्णालयात ज्याला परवडतं तो पैसे भरून करून घेतो. ज्याला परवडत नाही त्याचं बाळ सातव्या-आठव्या महिन्यात मान धरत नाही तेव्हा दवाखान्याचे उंबरे झिजवायला सुरुवात होते. ‘थोडं मंद आहे, होईल हळूहळू’ हे वाक्य ऐकण्यात वर्ष जातं. गेलेलं वर्ष मेंदूला परत मिळत नाही.

फिनाइलकीटोन्युरियाच्या इतिहासात दोन आया आहेत. नॉर्वेतली बोर्गनी एगेलँड आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन डॉक्टरांमागून डॉक्टर पालथे घालत होती. मुलांच्या अंगाला विचित्र वास येतो, त्याचं कारण सांगा, एवढंच तिचं म्हणणं. १९३४ साली डॉ. आस्ब्यॉर्न फोलिंग यांनी ते मनावर घेतलं, मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, रंग हिरवा झाला, आणि आजाराचा उलगडा झाला. दुसरी आई इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची. तिची मुलगी शीला हिला हाच आजार असल्याचं डॉ. होर्स्ट बिकेल यांनी सांगितलं आणि उपाय नाही असंही सांगितलं. बाईंनी ते मानलं नाही. रोज सकाळी त्या प्रयोगशाळेच्या दारात हजर: माझ्या मुलीसाठी काहीतरी करा. शेवटी बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधातलं प्रथिन फोडून, कोळशातून गाळून, फिनाइलअ‍ॅलनिन काढलेलं अन्न तयार केलं. मुलगी सुधारू लागली. १९५३ साली हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्याच वर्षी आपल्याकडे र. धों. कर्वे गेले. त्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवून, संतती हा नशिबाचा नव्हे तर शास्त्राचा विषय आहे, असं आपल्याला ओरडून सांगितलं होतं आणि बदल्यात खटले झेलले होते.

सत्तर वर्षं उलटली. उपाय माहीत आहे, तपासणी माहीत आहे. आणि आपण अशा मुलांच्या आयांच्या हातात काय दिलं? मोबाइलमधलं एक अ‍ॅप.

अ‍ॅपला मी नावं ठेवत नाही. मुलाच्या प्रत्येक घासाचा हिशेब डोक्यात ठेवणं माणसाच्या आवाक्यातलं काम नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया शुएट या आहारतज्ज्ञ बाईंनी कमी प्रथिनांच्या पदार्थांची यादी पुस्तकरूपाने तयार केली होती, आणि पुढे अशाच यादीतून ‘हाऊ मच फी’ हे साधन उभं राहिलं. पदार्थ निवडायचा, वजन टाकायचं, त्यातलं फिनाइलअ‍ॅलनिन किती ते मिलिग्रॅममध्ये समोर येतं, दिवसभराची बेरीज आपोआप होते. यादी अर्थातच अमेरिकन स्वयंपाकघराची. आमच्या आयांनीही काटकसरीने मार्ग काढले आहेत. कुणी एक्सेलचा तक्ता केला, कुणी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर हाताने लिहिलेल्या वहीचे फोटो टाकले, कुणी वजन कमी करण्याच्या अ‍ॅपलाच या कामाला जुंपलं. त्यांच्या हिकमतीला सलाम. पण त्यांना हिकमत लढवावी लागते, हा आपल्यावरचा आरोप आहे.

हे काम जवळून बघा. स्वयंपाकाच्या ओट्यावर सोनाराकडे असावा तसा नाजूक वजनकाटा. त्यावर वाटी ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, मग भात. ढोबळ हिशेब असा की एक ग्रॅम प्रथिनात सुमारे ५० मिलिग्रॅम फिनाइलअ‍ॅलनिन असतं. तीव्र आजार असलेल्या लहान मुलाला दिवसाला अडीचशे ते साडेतीनशे मिलिग्रॅम चालतं, कुणाला त्याहून कमी. नक्की मर्यादा ज्याच्या-त्याच्या रक्ताच्या तपासणीवरून डॉक्टर ठरवतात. आता गाईच्या दुधाचा एक पेला घ्या, दोनशे मिलीलीटरचा. त्यात साडेसहा ग्रॅम प्रथिन, म्हणजे सव्वातीनशे मिलिग्रॅम. दिवस तिथेच संपला. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत दीडशेच्या वर. ज्वारीच्या भाकरीचं गणित फार वेगळं नाही. तूरडाळ तर बोलायलाच नको, शंभर ग्रॅम डाळीत एकवीस-बावीस ग्रॅम प्रथिन. ज्या वरण-भातावर आपण पिढ्या वाढवल्या, तोच या मुलाला मोजून-मापून भरवायचा.

आणि अ‍ॅप विचारतं: ‘राइस’. कच्चा की शिजलेला? शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात जवळपास आठ ग्रॅम प्रथिन असतं. शिजून त्याचा पाणी शोषलेला भात झाला की तेवढ्याच वजनात ते तिसऱ्या हिश्श्यावर येतं. कोणत्या ओळीवर बोट पडलं यावर हिशेब तिप्पट चुकतो. ज्या अ‍ॅपमध्ये कुणीही उठून पदार्थ आणि आकडे भरू शकतं, तिथे तर त्या ओळी कुणाच्या अंगठ्यातून उतरल्या ते देव जाणे. वजन कमी करणाऱ्या गृहस्थाचा आकडा चुकला तर त्याचा पट्टा एका भोकाने सैल राहील. इथे ते परवडत नाही. शिवाय आकडा वाढण्याचीच भीती असते असंही नाही. भीतीपोटी मुलाला फारच कमी दिलं, तर शरीर स्वतःचे स्नायू जाळायला लागतं आणि रक्तातली पातळी उलट वर जाते. तापातही तेच होतं. मूल दिवसभर जेवलं नाही आणि तरी अहवाल बिघडला, हे गौडबंगाल कोणत्याही बेरजेतून उलगडत नाही. त्याला फोनवर उपलब्ध असलेला आहारतज्ज्ञ लागतो.

उपवासाचं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यात आपलं सगळं अज्ञान एका ताटात वाढलेलं दिसतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिन नावापुरतं. दाण्याचं कूट वगळून केलेली साबुदाण्याची खिचडी या मुलांना देव पावल्यासारखी असते. पण त्याच ताटातला राजगिऱ्याचा लाडू प्रथिनाने भरलेला, आणि शेंगदाण्यात तर डाळीपेक्षाही जास्त. घरच्यांच्या लेखी सगळंच ‘उपवासाचं’, म्हणजे हलकं. “खिचडी चालते ना, मग लाडू का नाही?” या प्रश्नाला आई किती वेळा उत्तर देणार?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं प्रसिद्ध केली. त्यात अमिनो आम्लांचेही आकडे आहेत. तुमच्या-माझ्या करातून झालेलं, जगाला दाखवावं असं काम आहे ते. पण पुस्तक इंग्रजीत, आणि भर कच्च्या पदार्थांवर. तिथून अळूच्या फतफत्यापर्यंत, थालीपिठापर्यंत, लेकराच्या वाटीपर्यंतचा रस्ता कुणी बांधायचा? आपल्याकडे कृषी विद्यापीठं आहेत, गृहविज्ञानाची महाविद्यालयं आहेत, दरवर्षी ‘पौष्टिक पाककृती स्पर्धा’ भरवून नाचणीच्या केकला पहिलं बक्षीस देणाऱ्या संस्था आहेत. एका वर्षीच्या विद्यार्थ्यांना हे काम वाटून दिलं असतं तरी मराठी घरातल्या दोनशे पदार्थांचा तक्ता झाला असता: वाटीला किती, चमच्याला किती, शिजल्यावर किती. त्याला ना परदेशी तंत्रज्ञान लागतं, ना फार पैसा. फक्त ही मुलं आपली वाटावी लागतात.

सरकारला अ‍ॅपचं वावडं आहे असं कुणी समजू नये. २०२१ साली पोषण ट्रॅकर आलं. अंगणवाडी सेविकांच्या हातात आधीच मोबाइल दिले होते, त्यात मुलांची वजनं-उंची भरा म्हणून सांगितलं. त्या निकृष्ट मोबाइलना वैतागून त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते कार्यालयांत परत नेऊन दिले, हेही आपण पाहिलं. वजन कमी भरलं की खायला वाढवा, प्रथिन वाढवा, अंडं द्या, हा त्या सगळ्या यंत्रणेचा साधा, आणि बहुसंख्य मुलांसाठी अगदी योग्य, हिशेब. पण त्याच अंगणवाडीत एखादं असं मूल बसलेलं असेल, ज्याला ते अंडं बाधणार आहे, तर त्याच्यासाठी सेविकेला कुणी काय शिकवलं? शाळेच्या पोषण आहारात त्याचं ताट वेगळं काढायला मुख्याध्यापकांना कोणता कागद पुरेसा होतो? आई स्वतः जाऊन हात जोडून सांगते. शिक्षक भले असतात, मान डोलावतात, आणि वर्ग बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता घरात येऊ. इथे सरकारच्या नावाने खडे फोडून सुटका नाही.

अ‍ॅप ज्या फोनमध्ये आहे तो फोन कुणाचा? मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी असं घर पाहिलं आहे. चांगला फोन नवऱ्याकडे, तो सकाळी साडेआठला त्याच्या खिशातून कामावर जातो. आईकडे बटणांचा. मग ती दिवसभराचं वहीत लिहून ठेवते आणि रात्री त्याला जेवायला वाढून झाल्यावर, तो रील बघून दमल्यावर, फोन मागून घेते आणि आकडे भरते. ‘काळजीवाहकांसाठी डिजिटल साधन’ असं ज्याचं परिसंवादांतून कौतुक होतं, ते या घरात रात्री दहा ते साडेदहा एवढाच वेळ चालतं.

आणि काळजीवाहक म्हणजे कोण, हे काय सांगायला हवं? अर्जात ‘पालक’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात बाईच. ग्लायकोजेनच्या विकारातल्या मुलांना कच्चं कॉर्नस्टार्च पाण्यात कालवून ठरावीक तासांनी पाजावं लागतं. १९८४ साली हा साधा उपाय शास्त्राने सिद्ध केला आणि कितीतरी मुलं वाचली. पण रात्री दोन वाजता गजर होतो तेव्हा उठतं कोण? अनेक घरांत बाप कूस बदलून झोपतो, कारण ‘मला सकाळी ड्युटी आहे’. तिला जणू सुट्टीच. वर्षानुवर्षं सलग झोप न मिळालेल्या बाईच्या हातून एखाद्या रात्री गजर बंद होऊन डोळा लागला, तर अख्खं घराणं न्यायाधीश होतं.

मुळात दोष तिच्यावरच ठेवलेला असतो. “आमच्याकडे असं कुणालाच नव्हतं” हे वाक्य ऐकलं नाही अशी या मुलांची आई मिळणं कठीण. यातले बहुतेक विकार होतात ते आई आणि बाप, दोघांकडून बिघडलेलं एकेक जनुक आलं तर. दोघं स्वतः धडधाकट असतात, आणि प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता असते. निम्मा वाटा बापाचा, आणि तो कोणत्याही सासूला नाकारता येत नाही. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तेच बिघडलेलं जनुक असण्याची शक्यता वाढते. तरी मामाची मुलगी करण्यात आपल्याकडच्या किती जातींना अजून भूषण वाटतं! घरातली शेती घरात राहते, हुंड्याची घासाघीस कमी होते, आणि पोरगी ‘आपलीच’ म्हणून बोलायची सोय होते. लग्न दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी जुळवायचं, अक्षता सगळ्या गावाने टाकायच्या, आणि मूल आजारी निघालं की अपराधी मात्र तिची कूस. नंतर अंगारे, धुपारे, अमुक बुवाचा खडा. जादूटोणाविरोधी कायदा होऊन २०१३ पासून वर्षं लोटली, तरी बुवाकडे जायला घर एकदिलाने निघतं आणि जनुकीय सल्ल्यासाठी मुंबईला जायचं म्हटलं की गाडीभाड्याची चर्चा होते.

शिकलेल्या घरांनी इथे नाक मुरडू नये. मुलाला गुपचूप पेढा भरवण्याची गोष्ट पुण्या-मुंबईतल्या बंगल्यांत आणि टॉवरमध्येही तशीच घडते. आजोबा-आजींना नातवाची दया येते. “एवढ्याशाने काय होतंय? पोर नुसतं बघत बसतं.” आई आत गेली की तोंडात पेढा. पंचवीस ग्रॅमच्या पेढ्यात अडीच ग्रॅमच्या आसपास प्रथिन, म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅम. एखाद्या मुलाच्या दिवसाचा निम्मा वाटा एका घासात. कुणी सांगत नाही. आठवड्याने रक्ताचा अहवाल येतो, पातळी चढलेली. अ‍ॅपमधला आलेख लाल होतो. डॉक्टर आईकडे बघतात: नीट भरताय ना सगळं? बाप आईकडे बघतो. ज्या हातांनी पेढा भरवला तेही आईकडेच बघतात. या यंत्रात प्रत्येक चुकीची नोंद एकाच बाईच्या खात्यावर होते, कारण खातं उघडलेलंच तिच्या नावाने असतं. माझ्या मते हे लाड नव्हेत. मूल समजून घ्यायचे कष्ट टाळून आपलं प्रेम मिरवण्याचा हा आडदांडपणा आहे, आणि त्याला ‘आजीची माया’ म्हणून आपण पाठीशी घालतो.

अ‍ॅप बनवणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. आईच्या धास्तीला महिन्याची वर्गणी लावणं हा धंदा असेल, सेवा नव्हे. मुलाचा आजार, रक्ताचे आकडे, रोजचं खाणं ही त्या मुलाची खासगी गोष्ट आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी म्हटलं आहे, पण पानभर इंग्रजी मजकुराखालच्या चौकोनात टिचकी मारून घेतलेल्या संमतीला संमती म्हणणं ही थट्टा आहे. आणि हल्ली कोणत्याही प्रश्नाला बेधडक उत्तर देणारे चॅटबॉट आले आहेत. रात्री अकराला घाबरलेली आई त्याला विचारते, बाळाला वरणाचं पाणी चालेल का? तो गोड भाषेत सांगूनही टाकतो. आजार कोणता, मर्यादा किती, आज ताप आहे का, हे न विचारता दिलेल्या उत्तराची जबाबदारी कुणावर? त्या आईने दुसऱ्या कुणाला विचारावं, असा माणूसच आपण तिथे ठेवला नाही, हा त्यामागचा मोठा गुन्हा.

राज्यकर्त्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यातच संपते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात विशेष आहारावर सांभाळता येणाऱ्या विकारांचा वेगळा गट केला आहे. त्यांच्या मदतीचा मूळ धोरणात राज्यांनी ‘विचार करावा’ अशी शिफारस होती, बंधन नव्हतं. २०२२ मध्ये सर्व गटांसाठी पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली, पण ती ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत. आपल्या राज्यात असं केंद्र म्हणजे मुंबईचं केईएम. नंदुरबारच्या आईने, गडचिरोलीच्या आईने मुलाला कडेवर घेऊन तिथे यायचं, राहायचं, पुन्हा यायचं. पावडरीचे डबे हजारो रुपयांचे, मूल वाढेल तशी गरज वाढणार. आणि या सगळ्यात मेंदू खालावला, की मग त्याच मुलाला अपंगत्वाचा दाखला मिळतो, अनुदानाचा अर्ज करता येतो. मेंदू शाबूत ठेवायला पैसा नाही आणि गेल्यावर दाखला तयार! याला कल्याणकारी राज्य म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

खरं साधन कसं असेल, हे त्या आयांना विचारा, त्या एका दमात सांगतील. मराठीत हवं. रेंज नसली तरी चालणारं हवं. त्यात भात शिजलेला आणि कच्चा वेगळा हवा, वाटी-चमच्याचं माप हवं, प्रत्येक आकडा कोणत्या कोष्टकातून घेतला ते लिहिलेलं हवं. बाप, आजी, शिक्षिका यांनाही आपापल्या फोनवरून नोंद करता यावी, म्हणजे पेढा कुणी दिला ते कळेल. मूल तापाने फणफणलं आणि गावच्या दवाखान्यात न्यावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरला दाखवायचं एक पान त्यातून निघावं: आजार हा, उपाशी ठेवू नका, ग्लुकोज लगेच लावा, या क्रमांकावर फोन करा. जाहिरात एकही नको. फुकट हवं. आणि पडद्याच्या पलीकडे पगारी, प्रशिक्षित माणूस हवा, प्रत्येक जिल्ह्यात किमान एक. हे शेवटचं नसेल तर आधीचं सगळं शोभेचं आहे.

हे होण्यासाठी काय करायचं ते अवघड नाही. आपल्या आमदाराला एक प्रश्न लेखी विचारा: जिल्हा रुग्णालयात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या टाचेचा थेंब कधीपासून तपासणार, तारीख सांगा. घरात असं मूल असेल तर या आठवड्यापासून रात्रीचा गजर बापाच्या उशाशी ठेवा आणि पथ्याची वही आजी-आजोबांनाही लिहायला लावा. आणि एक माहिती, जी अनेक घरांना अजून कुणी दिलेली नाही. १ एप्रिल २०२३ पासून, धोरणातल्या यादीतल्या दुर्मीळ आजारांसाठी वैयक्तिक वापराकरता परदेशातून मागवलेल्या औषधांवर आणि विशेष वैद्यकीय आहारावर मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र चालतं, मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत. तुमच्या गावात, गल्लीत, नात्यात असं घर असेल, तर आज जाऊन त्यांना हे सांगा. जाताना पेढे नेऊ नका.